आपल्याच आकाशात, आपल्याच माऱ्यात

नाशिकमध्ये 1 मार्च 2019 रोजी गोदावरीकाठी स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. जमलेल्या लोकांना इतकेच ठाऊक होते की काश्मीरमध्ये हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यात ते गेले. त्या हेलिकॉप्टरवर आपल्याच हवाई दलाचे क्षेपणास्त्र आदळले होते, हे अधिकृतपणे ऐकायला देशाला 4 ऑक्टोबर उजाडावा लागला. मधे सात महिने गेले, लोकसभेची एक निवडणूकही होऊन गेली.

स्वतःच्याच बाजूच्या माऱ्यात माणसे मरणे, ज्याला सैन्यात आणि वर्तमानपत्रांत सर्रास ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात, हा प्रकार युद्धाइतकाच जुना आहे. विमान आल्यावर मात्र त्याचे स्वरूप पालटले. खंदकातल्या शिपायाला समोरचा माणूस कोण आहे हे निदान कधीतरी डोळ्यांनी पाहता येते. ताशी सात-आठशे किलोमीटर वेगाने झेपावणाऱ्या वैमानिकाला खालचा रणगाडा कोणाचा हे ठरवायला काही सेकंद मिळतात, आणि पडद्यावरचा ठिपका पाहणाऱ्या क्षेपणास्त्र विभागाला तर ठिपक्याखेरीज काहीच दिसत नाही. मारक शक्ती वाढली, पल्ला वाढला, ओळख पटवायला मिळणारा वेळ मात्र आटत गेला.

मराठी वाचकासाठी या प्रश्नाचे तीन ठळक टप्पे आहेत: 1965 चे छांब, 1971 चे खुलना आणि 2019 चे बडगाम. पहिल्यात निर्णय घेणारे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते, दुसऱ्यात नदीतल्या तुकडीचे नेतृत्व मुंबईच्या कमांडर मोहन नारायण सामंत यांच्याकडे होते आणि तिसऱ्यात नाशिकचा तरुण वैमानिक प्राणाला मुकला. या तिन्ही घटना जगातल्या तशाच घटनांच्या शेजारी ठेवल्या की दोन गोष्टी स्वच्छ दिसतात. अशी दुर्घटना एकाच माणसाच्या चुकीने सहसा घडत नाही. व्यवस्थेतल्या बारीकसारीक ढिलाया एकाच घटकेला एकत्र येतात. आणि ती पुन्हा घडू नये यासाठी आजवर सर्वांत उपयोगी पडले आहे ते वेळेवर, उघडपणे सांगितलेले सत्य.

बडगाम: दहा मिनिटांचे उड्डाण

26 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे भारताच्या मिराज विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी हवाई दलाने उत्तर म्हणून नौशेरा-राजौरी भागात मोठ्या संख्येने विमाने आणली. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे मिग-21 पडले ते याच चकमकीत. देशाचे डोळे तिकडे लागलेले असताना सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगर तळावरून 154 हेलिकॉप्टर युनिटचे एमआय-17 व्ही-5 उडाले. जेमतेम दहा मिनिटांत ते बडगाम जिल्ह्यातल्या गरेंद कलां गावाजवळ पेटत खाली आले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक स्थानिक रहिवासी, असे सात जीव गेले. मांडवगणे यांच्यासोबत स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ हे दुसरे वैमानिक होते. मांडवगणे नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे आणि पुढे औरंगाबादच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचे विद्यार्थी. वय अवघे 33.

हेलिकॉप्टर पाडणारी यंत्रणा होती इस्राएली बनावटीची ‘स्पायडर’. कमी उंचीवरून झपाट्याने येणाऱ्या लक्ष्यासाठीच ती बनवलेली आहे आणि ती श्रीनगर तळाच्याच रक्षणासाठी तैनात होती. तळावर दक्षतेचा इशारा होता, पाकिस्तानी विमाने हवेत होती, आणि तेवढ्यात तळाच्या दिशेने कमी उंचीवरून काहीतरी येताना दिसले. ते आपलेच हेलिकॉप्टर आहे हे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला माहीत असायला हवे होते, आणि कक्षाला जे माहीत आहे ते क्षेपणास्त्र विभागाला त्याच क्षणी कळायला हवे होते. हेलिकॉप्टरमधली ओळख सांगणारी यंत्रणा बंद होती आणि जमिनीवरच्या विभागांत ताळमेळ नव्हता, असे चौकशीतून पुढे आले. क्षेपणास्त्र सुटल्यावर ते थांबवायला वेळच उरला नाही.

हवाई दलप्रमुखपदाची सूत्रे नुकतीच हाती घेतलेले एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी 4 ऑक्टोबरच्या पत्रकार परिषदेत स्पष्ट शब्दांत मान्य केले की क्षेपणास्त्र आपलेच होते, ही आमची मोठी चूक होती, दोन अधिकाऱ्यांवर कारवाई होईल आणि असे पुन्हा घडू नये म्हणून पावले उचलली आहेत. भारतीय सैन्यदलाच्या इतिहासात इतक्या वरच्या पातळीवरून इतकी सरळ कबुली विरळाच. ती सात महिने आधी आली असती तर मधल्या काळात ‘तांत्रिक बिघाड’पासून ‘शत्रूने पाडले’पर्यंत जे काही पसरले त्याला आळा बसला असता. आणि मृतांच्या घरच्यांना आपल्या माणसाबद्दलच्या अफवा ऐकत बसावे लागले नसते.

हे घडते कसे

जगभरातल्या घटना चाळल्या तर तीच तीन-चार कारणे वेगवेगळ्या वेषात भेटतात. पहिले कारण भीती आणि घाई. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरून तीनच दिवस झाले होते, 6 सप्टेंबर 1939, तेव्हा इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर शत्रू आल्याचा खोटा इशारा झाला. ब्रिटिशांच्या 56 स्क्वाड्रनची हरिकेन विमाने उडाली; त्यांनाच शत्रू समजून 74 स्क्वाड्रनच्या स्पिटफायर विमानांनी दोन हरिकेन पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यात ठार झाला. त्या युद्धात मेलेला ब्रिटनचा हा पहिला लढाऊ वैमानिक, आणि त्याच्यावर गोळी झाडली ती त्याच्याच हवाई दलाने. विमानाची ओळख रेडिओने पटवणारी यंत्रणा तेव्हा बाल्यावस्थेत होती. या प्रकारानंतर तिच्या कामाला गती आली.

दुसरे कारण म्हणजे निरोप न पोहोचणे. 11 जुलै 1943 च्या रात्री सिसिली बेटावर छत्रीधारी सैनिक उतरवण्यासाठी 144 अमेरिकी वाहतूक विमाने निघाली. वाट स्वतःच्याच आरमारावरून आणि स्वतःच्याच फौजेवरून जाणार होती. ती विमाने येणार असल्याचे कळवले गेले होते, पण प्रत्येक जहाजाच्या, प्रत्येक तोफेच्या माणसापर्यंत ते झिरपले नव्हते. दिवसभर जर्मन बॉम्बहल्ले सोसून गोलंदाज थकले होते, धसकले होते. पहिली काही विमाने सुखरूप गेली. मग कुणीतरी एकाने मारा सुरू केला आणि पाहता पाहता सगळा किनारा पेटला. 23 विमाने नष्ट झाली, 37 विमानांना मार बसला. या अनुभवातूनच पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या स्वारीआधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे रुंद पट्टे रंगवण्यात आले. दुरून, ढगाळ उजेडात, नवख्या गोलंदाजालाही विमान आपले आहे हे कळावे, एवढाच त्यांचा उद्देश. आजही संग्रहालयातल्या डाकोटा विमानांवर ते पट्टे दिसतात.

तिसरे कारण म्हणजे हद्दीची खूण चुकणे. विमानातून बॉम्ब टाकायचे असतील तर ‘या रेषेपुढे शत्रू, अलीकडे आपण’ ही रेषा दोघांनाही एकच दिसावी लागते. 25 जुलै 1944 रोजी फ्रान्समध्ये सां-लो गावाजवळ अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी जर्मन फळी फोडण्यासाठी प्रचंड मारा केला. हद्द मानलेल्या रस्त्याला समांतर उडून बॉम्ब टाकावेत अशी पायदळाच्या सेनापतींची अपेक्षा होती. विमाने रस्त्याला काटकोनात, म्हणजे आपल्याच सैनिकांच्या डोक्यावरून आली. धूळ आणि धूर वाऱ्याने मागे सरकला आणि बॉम्बही मागे सरकत आले. 111 अमेरिकी सैनिक ठार झाले. त्यांत लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअरही होते.

चौथे कारण सर्वांत अवघड: सगळी यंत्रे हजर, सगळे नियम लिहिलेले, तरी घात. 14 एप्रिल 1994 रोजी उत्तर इराकवर दोन अमेरिकी एफ-15 विमानांनी दोन अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पाडली. 26 जण गेले. त्यांत अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की अधिकारी आणि कुर्द मंडळी होती. आकाशात टेहळणी विमान होते, त्यातल्या काही जणांना हेलिकॉप्टरची माहिती होती. हेलिकॉप्टरचा ओळख-संकेत त्या हद्दीसाठी बदललेला नव्हता, दोघांचे रेडिओ एकमेकांशी जुळत नव्हते, जादा इंधन टाक्यांमुळे हेलिकॉप्टरचा आकार वेगळा भासला. प्रत्येक ढिलाई वेगळी पाहिली तर क्षुल्लक. वर्षानुवर्षे काही वाईट घडले नाही म्हणून प्रत्येक विभागाने आपापल्या सोयीने नियम सैल केले होते, आणि ते सगळे सैल धागे एकाच सकाळी एकाच जागी सुटले. बडगामची घटना समजून घ्यायची तर ही घटना आधी अभ्यासावी, इतके दोन्हींत साम्य आहे: हेलिकॉप्टर, न बदललेली किंवा बंद ओळख, आणि एकाच बाजूच्या दोन विभागांमध्ये न झालेले बोलणे.

छांब: एका संध्याकाळची घाई

1 सप्टेंबर 1965 च्या पहाटे पाकिस्तानने छांब भागात रणगाड्यांनिशी मुसंडी मारली. अखनूरचा पूल गेला असता तर जम्मू-पूंछचा रस्ता तुटला असता. समोर पॅटन रणगाडे, आपल्याकडे 20 लान्सर्सचे हलके एएमएक्स-13. लष्करप्रमुख जनरल जयंतोनाथ चौधरी दुपारी चारच्या सुमारास संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आले आणि हवाई दल उतरवण्याची परवानगी मागितली. हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंगही तिथे होते. चीनविरुद्धच्या युद्धात लढाऊ विमाने वापरण्याचे टाळले गेले होते. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला. त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी पुढे त्यांच्या रोजनिशीच्या आधारे त्या दिवसांचे पुस्तक लिहिले. मंत्र्याच्या खांद्यावर त्या क्षणी किती ओझे होते ते त्यातून कळते.

निर्णय धाडसी होता आणि आवश्यकही. पण परवानगी मिळाली तेव्हा सूर्य मावळतीला लागला होता. पठाणकोटहून व्हॅम्पायर आणि मिस्टेअर विमाने सव्वापाचनंतर उडाली. व्हॅम्पायर हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आराखड्याचे विमान. खाली धूळ, धूर, तिरपा उजेड, दोन्हीकडचे रणगाडे एकमेकांत मिसळलेले. जमिनीवरून ‘हा आपला, तो त्यांचा’ असे सांगणारा नियंत्रक वैमानिकांशी जोडलेला नव्हता. त्या संध्याकाळी आपल्या विमानांनी पाकिस्तानी रणगाड्यांवर हल्ले केले, आणि त्याच हल्ल्यांत 20 लान्सर्सचे तीन रणगाडे, त्यांचे नादुरुस्त रणगाडे ओढून नेणारे एकमेव वाहन आणि 3 महार पलटणीच्या दारूगोळ्याच्या गाड्याही उद्ध्वस्त झाल्या. चार व्हॅम्पायर परत आली नाहीत.

महार रेजिमेंट 1941 साली बेळगावात उभी राहिली. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचा तिच्याशी जिव्हाळ्याचा संबंध आहे. समोरून पॅटन आणि वरून आपलीच विमाने, अशा कात्रीत त्या पलटणीचे जवान त्या संध्याकाळी सापडले. ही गोष्ट अभ्यासकांच्या ग्रंथांत आहे. आपल्या शालेय इतिहासात, युद्धाच्या गौरवांकांत ती क्वचितच आढळते.

दोष वैमानिकांचा म्हणावा तर त्यांना कुणी दिशा दाखवली नव्हती. दोष मंत्र्यांचा म्हणावा तर त्यांनी उशीर केला नाही. खरी उणीव शांततेच्या काळातली होती. भूदल आणि हवाई दल यांनी एकत्र सराव पुरेसा केला नव्हता आणि एकत्र नियोजन त्याहून कमी. 1965 नंतर ही उणीव मनावर घेतली गेली. एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांच्या काळात भूदलाच्या कमांड आणि कोअर मुख्यालयांसोबत हवाई दलाची केंद्रे बसवली गेली आणि आघाडीवर विमानांना वाट दाखवणाऱ्या नियंत्रकांची व्यवस्था झाली. तिचे फळ 5 डिसेंबर 1971 रोजी राजस्थानातल्या लोंगेवालात दिसले. जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांना मेजर आत्मासिंग आपल्या छोट्या ‘कृषक’ विमानातून पाकिस्तानी रणगाडे दाखवत होते. लक्ष्यावर डोळा ठेवणारा माणूस आणि मारा करणारा माणूस एकमेकांशी बोलत होते. छांब आणि लोंगेवाला यांच्यात सहा वर्षांचे अंतर आहे, आणि त्या सहा वर्षांत चुकीतून शिकता येते याचा पुरावा आहे.

खुलना: पिवळ्या खुणेखाली

तरीही त्याच युद्धात, पाचच दिवसांनी, पूर्वेकडे घात झाला. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात भारतीय नौदलाने बंगाली तरुणांना पाणसुरुंग लावण्याचे प्रशिक्षण देऊन गुप्त मोहीम चालवली होती. पाणबुडी दलातले कमांडर सामंत हे त्या मोहिमेचे प्रमुख सूत्रधार. डिसेंबरमध्ये त्यांच्याकडे छोट्या नौकांची तुकडी होती: नौदलाची ‘पनवेल’, मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’, शिवाय सीमा सुरक्षा दलाची एक बोट. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या मूळच्या साध्या नौका; त्यांच्यावर 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवून त्या लढाऊ केल्या होत्या.

10 डिसेंबरच्या सकाळी ही तुकडी मोंगला बंदर सर करून पसूर नदीतून खुलनाकडे निघाली. हवाई दलाला ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळी खूण होती. खुलन्याच्या जहाजबांधणी कारखान्याजवळ दुपारी तीन विमाने घिरट्या घालताना दिसली. नौकांवरच्या बंगाली खलाशांनी तोफा चालवण्याची परवानगी मागितली. सामंतांनी नकार दिला, कारण विमाने भारतीय आहेत हे त्यांनी ओळखले होते. आपल्या विमानांवर आपण गोळी चालवायची नाही, हा त्या क्षणीचा विवेक. पण विमानांनी नौकांना ओळखले नाही. ती वळली, खाली आली आणि ‘पद्मा’ व ‘पलाश’ पेटल्या.

‘पलाश’च्या इंजिनखोलीत मोहम्मद रुहुल अमीन होते. नौका सोडा असा हुकूम झाल्यावरही त्यांनी इंजिन वाचवण्याचा प्रयत्न केला. जखमी होऊन ते काठाला लागले, पण तिथे पाकिस्तानच्या बाजूच्या रझाकारांच्या हाती सापडून मारले गेले. बांगलादेशने त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला. ‘पद्मा’वरचे लीडिंग सीमन चिमणसिंग जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागले, पुढे त्यांना महावीर चक्र मिळाले. दोन नौका डोळ्यांदेखत गेल्यावरही सामंतांनी ‘पनवेल’ मागे वळवली नाही, वाचलेल्यांना उचलले आणि खुलन्यावरचा हल्ला चालू ठेवला. महावीर चक्राचे तेही मानकरी. त्या गुप्त मोहिमेची सविस्तर कथा पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकातून 2019 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे जवळपास अर्धशतकाने.

खुलन्याचा धडा छांबपेक्षा वेगळा आहे. इथे खूण ठरलेली होती, कळवलेलेही होते. पण युद्धात आघाडी तासातासाला सरकते. तुकडी अपेक्षेपेक्षा पुढे गेली की वैमानिकाच्या नकाशावर ती जागा शत्रूचीच राहते. खूण कितीही ठळक असली तरी ‘इथे आपले कुणी नाही’ असे मनात पक्के असलेल्या वैमानिकाला ती दिसत नाही. याच युद्धात पाकिस्तानलाही असाच फटका बसला. भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी 4 डिसेंबरच्या रात्री कराचीला हादरा दिल्यावर तिथे इतकी धास्ती पसरली की दोनच दिवसांत पाकिस्तानी विमानांनी स्वतःच्याच ‘झुल्फिकार’ युद्धनौकेवर मारा केला.

यंत्र किती सांगते

आज विमानाची ओळख पटवणारी यंत्रणा सगळ्यांकडे आहे. जमिनीवरून सांकेतिक लहर जाते, ‘कोण आहेस?’ विमानातले यंत्र सांकेतिक उत्तर देते. उत्तर बरोबर आले तर विमान आपले. उत्तर आलेच नाही तर मात्र इतकेच कळते की उत्तर आले नाही. यंत्र बंद असेल, बिघडले असेल, संकेत कालचा असेल, किंवा शत्रूने लहर पकडू नये म्हणून वैमानिकाने ते मुद्दाम बंद ठेवले असेल. शांतता म्हणजे शत्रू असा अर्थ ज्या क्षणी लावला जातो, त्या क्षणी दुर्घटना घडते. मार्च 2003 मध्ये इराक युद्धात ब्रिटिशांचे टोर्नेडो विमान अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्राने पाडले आणि त्यातले दोघेही मेले. विमानाची ओळखयंत्रणा चालत नव्हती, आणि पॅट्रियटच्या संगणकाने विमानाला चाल करून येणारे क्षेपणास्त्र ठरवले होते. डिसेंबर 2024 मध्ये तांबड्या समुद्रावर ‘गेटिसबर्ग’ या अमेरिकी युद्धनौकेने आपल्याच आरमाराचे एफ/ए-18 पाडले. सुदैवाने त्यातले दोघेही बाहेर पडले. जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याचीही ही स्थिती.

यावरचा उपाय समजायला रेल्वेचे उदाहरण पुरे आहे. आमचे सोलापूर हे रेल्वेचे गाव. एकेरी मार्गावर गाडी सोडताना जुन्या काळी चालकाच्या हाती लोखंडी टोकन दिले जाई. टोकन हाती नसेल तर सिग्नल हिरवा दिसो वा मार्ग मोकळा दिसो, गाडी हलायची नाही. कुणाच्या हुशारीवर, कुणाच्या डोळ्यांवर भिस्त नव्हती. पुढचे स्टेशन आणि मागचे स्टेशन यांच्यात बोलणे झाल्याखेरीज टोकन बाहेरच पडत नसे. हवाई संरक्षणालाही हाच नियम लागतो. क्षेपणास्त्र सोडण्याआधी नियंत्रण कक्ष आणि क्षेपणास्त्र विभाग यांच्यात खात्रीचे बोलणे झालेच पाहिजे, आणि ते टाळून कळ दाबता येऊ नये अशी रचना हवी. भारतीय हवाई दलाची एकात्मिक नियंत्रण प्रणाली आणि भूदलाची ‘आकाशतीर’ यांचा रोख हाच आहे: रडार कुणाचेही असो, चित्र सगळ्यांसमोर एकच यावे. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात एका रात्रीत तीन-चारशे ड्रोन 36 ठिकाणी आल्याचे सरकारने सांगितले. इतक्या गर्दीत आपले हेलिकॉप्टर, आपले ड्रोन आणि शत्रूचे ड्रोन वेगळे काढणे हे पुढच्या काळातले सर्वांत मोठे आव्हान आहे.

दोष आणि शिक्षा

ब्लॅक हॉक प्रकरणात अखेर कुणालाही लष्करी न्यायालयात दोषी ठरवले गेले नाही. एसेक्सच्या घटनेतले दोन्ही वैमानिक निर्दोष सुटले. बडगाम प्रकरणात 2023 मध्ये लष्करी न्यायालयाने श्रीनगर तळाच्या तत्कालीन मुख्य परिचालन अधिकाऱ्याला बडतर्फीची शिक्षा सुनावली, आणि तो वाद पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला. मृतांच्या कुटुंबांना उत्तरदायित्व हवे असणे न्याय्य आहे. पण एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली म्हणजे प्रश्न मिटला, असे समजणे धोक्याचे. त्याच खुर्चीवर उद्या दुसरा अधिकारी बसेल आणि व्यवस्था तीच असेल, तर सापळाही तोच राहील. ज्याने निष्काळजीपणा केला त्याला शिक्षा व्हावी. ज्याने प्रामाणिकपणे चूक सांगितली त्याला संरक्षण मिळावे. हा भेद पाळला नाही तर पुढच्या वेळी हुकलेल्या दुर्घटनांची माहिती कुणीच देणार नाही, आणि शिकण्याची सर्वांत स्वस्त संधी वाया जाईल.

यासाठी चौकशी अहवालांचा किमान सारांश लोकांपुढे यायला हवा. ब्रिटनने टोर्नेडोच्या चौकशीचे निष्कर्ष 2004 मध्येच प्रसिद्ध केले. आपल्याकडे 1962 च्या चीन युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल अधिकृतपणे अजून गुप्त आहे. 1965 च्या युद्धाचा अधिकृत इतिहास 1992 मध्ये लिहून झाला, पण लोकांपर्यंत पोहोचला तो 2000 साली एका वृत्तपत्राने इंटरनेटवर टाकल्यामुळे. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास पाच वर्षांत लिहावेत आणि कागदपत्रे साधारण 25 वर्षांत खुली करावीत असे धोरण आखले, हे स्वागतार्ह आहे. ते धोरण कागदावर राहू नये.

मान आणि सत्य

सोलापूरला हुतात्म्यांचे शहर म्हणतात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे शहराच्या मध्यात उभे आहेत. अशा गावात वाढलेल्यांना बलिदानाचे मोल शिकवावे लागत नाही. म्हणून इथे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याच क्षेपणास्त्राने गेलेल्या जवानाचे बलिदान शत्रूच्या गोळीने गेलेल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. तो त्याच कर्तव्यावर, त्याच धोक्यात होता. उलट, त्याच्या मृत्यूचे खरे कारण दडवले तरच त्याचा अवमान होतो, कारण मग त्याच्या जाण्यातून पुढच्या जवानाचा जीव वाचवणारे शहाणपण निघत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी, माढा, मोहोळ, सांगोला भागांतली कित्येक घरे आपली मुले सैन्यात पाठवतात. त्या घरांना ‘तुमचा मुलगा कसा गेला’ याचे उत्तर दूरचित्रवाणीवरच्या चर्चेतून नव्हे, अधिकाऱ्याच्या तोंडून, शक्य तितक्या लवकर मिळाले पाहिजे. 2019 च्या त्या दिवसांत मांडवगणे यांच्या पत्नीने सोशल मीडियावर युद्धाचा ज्वर चढवणाऱ्यांना जाहीरपणे थांबायला सांगितले होते. युद्धाचे नुकसान काय असते हे तुम्हाला माहीत नाही, एवढाच जोश असेल तर सैन्यात भरती व्हा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एका वीरपत्नीने दुःखाच्या पहिल्याच दिवसांत हे सांगावे, याचा आपण गांभीर्याने विचार केला पाहिजे. बेभान उत्तेजनेच्या वातावरणात केवळ सामान्य लोकच नाही, रडारसमोर बसलेला अधिकारीही दबावाखाली येतो. तळावरची घाई आणि समाजातली घाई एकमेकींना खतपाणी घालतात.

विमाने असतील आणि युद्धे होतील तोवर अशा घटना शून्यावर येणार नाहीत. पण त्या कमी करता येतात हे 1971 च्या लोंगेवालाने आणि नॉर्मंडीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवून दिले आहे. त्यासाठी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. तिन्ही दलांचे एकत्रित सराव नेमाने व्हावेत. ओळखयंत्रणेबाबतचे आदेश सगळ्या विभागांत एकच असावेत आणि त्यांची अचानक तपासणी व्हावी. क्षेपणास्त्र सोडण्याच्या अधिकाराला दुसऱ्या विभागाच्या खात्रीची जोड बंधनकारक असावी. कुटुंबांना पहिल्या काही दिवसांतच खरे कारण कळवावे. आणि चौकशीचा सारांश ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करून छांब, खुलना, बडगाम या तिन्ही घटना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीपासून प्रत्येक हवाई तळापर्यंत अभ्यासक्रमात नावानिशी शिकवल्या जाव्यात. छांबची उणीव लोंगेवालाला भरून निघाली, कारण 1965 नंतर कुणीतरी ती कबूल करून कामाला लागले. बडगामनंतर कबुली उशिरा का होईना आली. आता तिच्यापुढचे काम झाले की नाही हे विचारत राहणे नागरिकांच्या हाती आहे, आणि आपले मूल सैन्यात पाठवणाऱ्या प्रत्येक घराचा तो हक्क आहे.